आईवडिलांची नावं आणि आईवडिलांची सही

२०२३ साली नाशिक जिल्ह्यातल्या सायखेडा ग्रामपंचायतीने ठराव केला की आईवडिलांच्या संमतीशिवाय प्रेमविवाहाची नोंद करायची नाही. कायद्यापुढे असा ठराव टिकणं कठीण, कारण सज्ञान मुलामुलीच्या लग्नाला पालकांची सही लागते असं आपल्या हिंदू विवाह कायद्यातही नाही आणि विशेष विवाह कायद्यातही नाही. मागणी मात्र विझलेली नाही. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती दर लग्नसराईत डोकं वर काढते आणि तिच्या पाठोपाठ मला उद्देशून टोमणा येतो, “तुमच्या अमेरिकेत काय, कोणीही उठावं आणि लग्न लावावं!”

इथे उठून लग्न लावता येत नाही. आधी काउंटीचं, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या स्थानिक कारभाराचं, लग्नाचं लायसन्स काढावं लागतं. मागे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला एका मैत्रिणीच्या मुलासोबत मी सांता क्लारा काउंटीच्या ऑफिसात गेले होते. अर्ज आधी ऑनलाइन भरायचा, मग दोघांनी पासपोर्ट घेऊन समक्ष हजर व्हायचं आणि लिहिलेलं खरं असल्याची शपथ घ्यायची. अर्जात दोघांच्याही आईवडिलांची नावं आणि जन्मस्थळं विचारतात. आईचं नाव तर तिच्या माहेरच्या आडनावासकट. म्हणजे आईवडील कागदावर असतात, पण सहीच्या रकान्यात कुठेच नसतात. नोंद ठेवणाऱ्याला तुम्ही कोणाची मुलं हे हवं आहे. त्यांना हे लग्न पसंत आहे का, हे विचारायचं त्याच्या अखत्यारीत येत नाही. सायखेड्यातला वाद मला या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत दिसतो.

(त्याच अर्जात लग्नानंतरचं नावही ठरवावं लागतं, वधूला आणि वराला दोघांनाही तोच प्रश्न. मधलं नाव बदलायची मुभा आहे, पण तिथे आडनावंच चालतात, नवऱ्याचं पहिलं नाव घालता येत नाही. आपल्याकडची रीत लायसन्सवर बसतच नाही. सासूबाईंना हे समजावणं शपथेपेक्षा अवघड गेलं, असं मैत्रीण सांगते.)

लायसन्स हातात पडलं की कॅलिफोर्नियात त्याच दिवशीही लग्न करता येतं. टेक्सासमध्ये ७२ तास थांबावं लागतं, इलिनॉयमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत. लास व्हेगासचं लायसन्स ऑफिस तर मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. कॅलिफोर्नियात लायसन्स ९० दिवस चालतं. तेवढ्यात लग्न लावायचं, लावणाऱ्याने सही करायची आणि १० दिवसांत कागद काउंटीकडे परत पाठवायचा. इथल्या आपल्या लग्नांत ही सही गुरुजी करतात. सप्तपदी झाली, अक्षता पडल्या, की पंगत बसण्याआधी पेन शोधायची धावपळ. महाराष्ट्रातही ९० दिवस आहेत, पण लग्नाच्या पलीकडे. १९९८च्या कायद्याप्रमाणे लग्न झाल्यावर ९० दिवसांत तीन साक्षीदारांसह नोंदणीचा अर्ज द्यायचा.

हे झालं धार्मिक पद्धतीच्या लग्नाचं. दोघांचे धर्म वेगळे असतील आणि कोणालाच धर्म बदलायचा नसेल, तर १९५४चा विशेष विवाह कायदा. त्यात आधी ३० दिवसांची नोटीस. ती कार्यालयात दर्शनी भागी लावतात, नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते, आणि दोघांपैकी एकाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर एक प्रत तिकडेही जाते. घरातून विरोध असलेल्या मुलीचं नाव आणि पत्ता सरकार स्वतःच महिनाभर भिंतीवर लावून ठेवतं. इंग्रजांच्या १८७२च्या कायद्यात ही मुदत १४ दिवस होती. स्वतंत्र भारताने ती दुपटीहून जास्त केली! आणि आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला आपलंच राज्य सरकार ५० हजार रुपये देतं. एका खिडकीवर बक्षीस, दुसऱ्या खिडकीवर फलक.

नोटीस हवी म्हणणाऱ्यांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. आधीचं लग्न लपवून दुसरं करणारे असतात. इथल्या शपथेनेही ते सगळे पकडले जात नाहीत. पण भिंतीवरचा कागद पाहायला पहिली बायको कुठून येणार? येतो तो मुलीचा काका. ज्याला खरोखर हरकत घ्यायचा हक्क आहे त्याला नोटीस कळत नाही, आणि ज्याला नाही त्याला ती हमखास कळते. २०२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली, ते मला योग्य वाटतं.

दुसरं लग्न पकडायचं तर जुन्या नोंदी सापडायला हव्यात, आणि तिथेच आपण कच्चे. इथली मुलं नागरिक झाली की वडिलांच्या ग्रीन कार्डसाठी आईवडिलांचं विवाह प्रमाणपत्र मागतात. मग सत्तरीतली जोडपी लग्नाचा काळापांढरा फोटो आणि जपून ठेवलेली पत्रिका घेऊन वॉर्ड ऑफिसच्या रांगेत. गुरुजी कधीच वारलेले, साक्षीदारही त्याच वाटेवर. काउंटीत जुना दाखला मागवायला ठरलेला अर्ज आणि ठरलेली फी असते, आणि बहुतेकदा तो पोस्टाने घरी येतो. लग्न कोणालाच कळू नये असं वाटत असेल, तर कॅलिफोर्नियात एकत्र राहणाऱ्या जोडप्याला गोपनीय लायसन्सही मिळतं. त्याला साक्षीदार लागत नाही, आणि त्याची प्रत त्या दोघांशिवाय इतरांना कोर्टाच्या हुकुमाशिवाय मिळत नाही. आपल्याकडे लग्नाआधी सगळं उघड आणि नंतर काही सापडत नाही. इथे नेमकं उलट.

म्हणून इथलं सगळं उचलून न्यावं, असं मात्र मी म्हणणार नाही. लायसन्स देणारा काउंटीचा क्लार्क म्हणजे देवमाणूस नव्हे. १९४८पर्यंत कॅलिफोर्नियात गोऱ्या व्यक्तीचं काळ्या व्यक्तीशी लग्न बेकायदा होतं. त्याच राज्यातल्या इम्पीरियल व्हॅलीत शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांचा वर्ण कोणता, हे खिडकीमागचा माणूस नजरेने ठरवायचा. त्यातले कितीतरी मेक्सिकन बायकांशी लग्न करून राहिले, कारण दोघंही त्याला सारखेच सावळे दिसत. २०१५ साली केंटकीतल्या रोवन काउंटीच्या क्लार्क किम डेव्हिस यांनी समलिंगी जोडप्यांना लायसन्स नाकारलं आणि त्या तुरुंगात गेल्या. वयाच्या बाबतीत तर आपलाच कायदा सरस. १८च्या आतल्या लग्नावर सरसकट बंदी घालणारं पहिलं अमेरिकन राज्य डेलावेअर, तेही २०१८ साली. तोवर सगळीकडे काही ना काही पळवाट होती, आणि बऱ्याच ठिकाणी ती पालकांच्या संमतीतूनच जायची. ग्रुपवर हे लिहिलं तेव्हा पालकांच्या सहीचा आग्रह धरणारे एक काका म्हणाले, “ते वेगळं.” मला ते वेगळं वाटत नाही. लहान मुलीचं लग्न लावून देणारी सही आणि मोठ्या मुलीचं लग्न अडवणारी सही एकाच हाताची असते.