खुलासा : रेचेल व्हाइटरीड यांची शिल्पे म्हणजे प्लास्टर चढवलेल्या वस्तू नव्हेत

लंडनमधील टेट ब्रिटन संग्रहालयात २०१७-१८ मध्ये झालेल्या ब्रिटिश शिल्पकार रेचेल व्हाइटरीड यांच्या प्रदर्शनात खऱ्या घरगुती वस्तूंना प्लास्टरचा लेप देऊन मांडले होते, असे सांगितले जाते. ते बरोबर नाही. व्हाइटरीड वस्तूच्या आतली किंवा खालची मोकळी जागा प्लास्टर, रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारी राळ) वा काँक्रीटने भरतात आणि वस्तू काढून घेतल्यावर उरलेली घनरूप पोकळी हेच शिल्प असते. १९९५ मधील एका रचनेत खुर्च्यांखालच्या अशा शंभर जागा रंगीत रेझिनमध्ये उतरल्या आहेत. लहानपणी कपाटात लपल्याच्या आठवणीतून घडलेल्या ‘क्लोजेट’ (१९८८) या शिल्पावर मात्र काळ्या फेल्टचे (जाड, दाबून केलेल्या कापडाचे) आवरण आहे. गैरसमजाचे मूळ कदाचित तिथे असावे, परंतु त्या आवरणाखालीही कपाट नसून कपाटातली जागाच आहे.

‘हाऊस’ हे पूर्व लंडनमधील शिल्प आजही पाहता येते, हेही खरे नाही. पाडायला काढलेल्या घरात आतून काँक्रीट फवारून, मग बाहेरच्या भिंती उतरवून १९९३ मध्ये केलेले ते काम ११ जानेवारी १९९४ रोजी पाडण्यात आले.