‘दगडाला काय होतंय?’ रोमन मोझॅकबद्दलच्या एका संदेशाला उत्तर

सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचा आशय असा: रोमन स्नानगृहांतली मोझॅक (रंगीत दगडी तुकडे चुन्यात बसवून केलेल्या चित्रफरशा) म्हणजे शेवटी दगड. 1,700 वर्षं मातीत टिकली, त्यांना आता छप्पर आणि तिकीट कशाला? पाण्याने पुसली की रंग उजळतात, तडा गेला तर सिमेंट भरा, आणि इतकीच काळजी असेल तर उचलून मोठ्या संग्रहालयात न्या. यातलं एकही वाक्य टिकणारं नाही.

उदाहरण म्हणून इंग्लंडमधल्या ससेक्सचा बिग्नॉर इथला रोमन वाडा घेऊ. 1811 मध्ये जॉर्ज टपर या शेतकऱ्याच्या नांगराला तिथली फरशी लागली. पुढे गवताने शाकारलेल्या छोट्या इमारतींखाली ती जपली गेली. स्नानगृहाच्या कपडे बदलायच्या खोलीत मेड्युसाचं, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांच्या केसांच्या स्त्रीचं, मोझॅक आहे.

‘मातीत टिकलं, तर उघड्यावरही टिकेल.’ मातीखाली ऊन, शेवाळ, पावलं यांपैकी काही नसतं. तापमान आणि ओल फार हळू बदलतात. फरशी उघडी केली की हे संरक्षण त्याच दिवशी संपतं. इंग्लंडच्या थंडीत चुन्यात मुरलेलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि तुकडे उचकटतं. म्हणून छप्पर हवंच, पण कुठलंही नव्हे. इटलीतल्या सिसिली बेटावरच्या पियाझ्झा आर्मेरिना इथल्या रोमन वाड्याला गेल्या शतकात पारदर्शक छप्पर घातलं, तर आत भट्टीसारखं तापू लागलं. शेवटी ते बदलावं लागलं. गवताचं जाड छप्पर उष्णता अडवतं, हा त्याचा मोठा गुण.

‘दगडच तर आहे.’ दिसतो तो दगड फक्त वरच्या थरात. तो धरून ठेवायची सगळी मदार चुन्यावर. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुतज्ज्ञाने कृती दिली आहे: तळाला मुठीएवढे दगड, त्यावर 3 भाग खडी आणि 1 भाग चुना, धुमस करून पाऊण फूट, त्यावर 3 भाग विटांची पूड आणि 1 भाग चुना. हा आपला सुरखी-चुनाच. स्नानगृहाच्या गरम खोल्यांमध्ये हे सगळं विटांच्या सुमारे दोन फुटी खांबांवर उभं असतं, कारण खालून गरम हवा खेळवायची असते. म्हणजे फरशीच्या पोटात पोकळीच. बिग्नॉरच्या ज्या खोलीत व्हीनस देवीचं मोझॅक आहे, तिथे जमीन खचल्यामुळे ही रचना उघडी दिसते.

‘पाण्याने पुसा.’ हा गैरसमज कुठून येतो ते कळतं. मुंबई-पुण्याच्या जुन्या घरांतली मोझॅक फरशी सिमेंटची. ती रोज पुसली जाते, पॉलिशला ऑक्झॅलिक ॲसिडही चालतं. रोमन मोझॅकमध्ये चुनखडीचे तुकडे असतात आणि आम्ल ते खातं. पाण्याचं नुकसान हळू होतं: ते खालचे क्षार विरघळवून वर आणतं, वाळताना क्षारांचे स्फटिक होतात आणि पृष्ठभाग सोलला जातो. रंग उजळले ते दहा मिनिटांपुरतेच. धूळ मऊ ब्रशने सैल करून, नळीला जाळी लावून हलक्या ओढीच्या व्हॅक्यूमने घ्यावी. जाळी नसेल तर सुटा तुकडा पिशवीत जातो.

‘सिमेंट भरा.’ सगळ्यात घातक सल्ला हाच. सिमेंट चुन्यापेक्षा कडक, ओल कोंडणारं आणि स्वतःच क्षार सोडणारं. ताण आला की ते तुटत नाही, शेजारचा रोमन थर तुटतो. 1930 च्या दशकात अँटिओक या आजच्या तुर्कस्तानातल्या प्राचीन शहराची मोझॅक उचलून लोखंडी सळयांच्या काँक्रीटवर बसवली. अशा पाट्यांमध्ये ओल शिरली की सळई गंजते, गंज फुगतो आणि तडा खालून वर येतो. योग्य पद्धत अशी: बोटाच्या मागच्या बाजूने हलकं वाजवत जायचं, पोकळ आवाज येईल ती जागा नकाशावर नोंदवायची. मग पोकळीतली धूळ काढून, आत बेताचं पाणी सोडून, सिरिंजने पातळ चुना-सुरखी भरायची. कोरड्या पोकळीत भरलं तर जुना चुना पाणी शोषून घेतो आणि मिश्रण तोंडाशीच अडकतं. कडांना चुन्याचा गिलावा, आणि तो काही दिवस ओल्या कापडाखाली ठेवायचा. घाईने वाळवला तर भेगाळतो.

पण त्याआधी बाहेरचं गटार बघावं. पानांनी तुंबलेलं असेल तर आतली सगळी डागडुजी वाया. तिकिटाचे पैसे मुख्यतः असल्याच कंटाळवाण्या कामांना लागतात.

‘उचलून न्या.’ उचलता येतं. वर कापड चिकटवून, खालून कापून, भागाभागाने. पण चुन्याचे थर, त्यात आखलेल्या रेषा, पाणी वाहून जायला दिलेला उतार, रोमन काळातच केलेली ठिगळं, हे सगळं मागे राहतं किंवा पुसलं जातं. पूर किंवा बांधकाम जागाच गिळत असेल तरच हा मार्ग घ्यावा. बिग्नॉरची मेड्युसा कपडे बदलायच्या खोलीत आहे, बाजूलाच थंड पाण्याचं कुंड आहे. भिंतीवर टांगली तर तिच्यावरून अनवाणी कोण कुठे जात होतं, हे कुणाला कळणार नाही.