चांगलं हॉस्पिटल कसं निवडायचं? आधी पार्किंग बघा

घरात कुणी बाथरूममध्ये पडलं, खुब्याचं हाड मोडलं, की घाबरायचं नाही. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं, 'चांगलं हॉस्पिटल सुचवा, अर्जंट'. दहा मिनिटांत सतरा नावं येतात, त्यातलं पहिलं दुसऱ्याच्या साडूला "जवळजवळ घालवूनच बसलं होतं", दुसरं तिसऱ्याच्या मते नुसतं कापतं (बिल हो, बिल), आणि एक काका सगळ्यांना गुड मॉर्निंग पाठवतात. झाली तुलना.

तरी समाधान नसेल तर स्वतः जाऊन या. आधी पार्किंग. मग लॉबी, ग्रॅनाईट पाहिजे, कोपऱ्यात गणपती पाहिजे, आणि एसी असा की भरती करायला आलेल्या माणसालाच सर्दी व्हावी. मग कँटीन. मावशीच्या वेळी मी हे सगळं नीट बघून ठेवलं होतं, डोसा खरंच चांगला होता, आणि लॉबीत ब्लेझर घातलेली पाच माणसं फक्त "मे आय हेल्प यू" म्हणायला उभी होती.

ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री दोनला सलाईन संपली आणि नळीत रक्त वर चढायला लागलं. बेल दाबली, परत दाबली, शेवटी मीच बाहेर पळालो तर अख्ख्या मजल्याला एक सिस्टर, तीही तिकडच्या टोकाला एका आजोबांना सावरत होती. आली बिचारी धावत, नळी बंद केली, बीपी घेतलं आणि आकडा तळहातावर पेनाने लिहिला, तिथे आधीच सात-आठ आकडे होते, घामाने थोडे पुसलेले. कुठला कुणाचा ते तिला माहीत असणार. आता हे तुलनेत धरायचं नाही, कारण ब्लेझरवाले त्या वेळी घरी झोपलेले असतात आणि आपण बघायला जातो ते सकाळी अकराला.

गूगलवरचे स्टार मात्र जरूर बघा. डिस्चार्जच्या दिवशी क्यूआर कोडचं कार्ड हातात देतात, तेव्हा फाईल टीपीएकडे, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या कंपनीकडे, अडकलेली असते, अप्रूव्हल संध्याकाळपर्यंत येईल असं सकाळपासून सांगतायत, अशा वेळी चार स्टार द्यायची छाती कुणाची आहे?

काही प्रश्न चुकूनही विचारू नका. असली ऑपरेशनं इथे वर्षाला किती होतात, नंतर किती जणांना इन्फेक्शन होतं, रात्री आरएमओ, म्हणजे ड्युटीवरचा डॉक्टर, कोण असतो आणि कुठल्या पॅथीचा. इंग्लंड-अमेरिकेत सरकारी यंत्रणा हॉस्पिटलं तपासून रिपोर्ट आणि रेटिंग सगळ्यांना बघायला टाकतात म्हणे, त्यांना कामं नाहीत. आपल्याकडे एनएबीएच हे दर्जाचं प्रमाणपत्र मिळवलेल्या हॉस्पिटलला इन्फेक्शनचे आकडे आतल्या आत ठेवावे लागतात, पण ते मागितले तर रिसेप्शनची पोरगी तुमच्याकडे असं बघते की जणू तिचा पगार विचारला.

दरपत्रकाचंही तेच. 2021 मध्ये महाराष्ट्रात नर्सिंग होमचे नियम बदलले, तेव्हापासून रुग्णहक्कांची सनद आणि रेट दर्शनी भागात लावावे लागतात. लावलेत की. आमच्याकडे रबर प्लँटच्या मागे होते, मी पान बाजूला केलं तर वॉचमन म्हणाला, "साहेब, झाडाला हात लावू नका."

आणि धर्मादाय हॉस्पिटल असेल तर तो विषय हळू आवाजात सुद्धा काढू नका. 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत, आणखी 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 1,80,000 आणि 3,60,000, हे सगळं आहे. पण ते विचारलं की खिडकीवरचा माणूस म्हणतो "सोशल वर्करला भेटा", सोशल वर्कर राऊंडला गेलेले असतात, आणि लाईनमधले लोक आपल्या चपला बघायला लागतात. त्यापेक्षा एफडी मोडा, इज्जत राहते.

सरकारीचं तर नावच नको. पुण्यात असाल तर ससून म्हटल्यावर नाक मुरडायचं, 1867 सालचं, गर्दी, वास. ज्या मोठ्या सर्जनची अपॉइंटमेंट तुम्ही ओळखी काढून मिळवता ते बऱ्याचदा तिथेच, ससूनच्या बी. जे. मेडिकल कॉलेजला शिकलेले असतात, पण म्हणून काय तिथे जायचं असतं का? तिथे व्हॅले पार्किंग नाही.

निघताना फीडबॅक फॉर्म देतात तो मन लावून भरा. आमच्या फॉर्मवर जेवण, स्वच्छता, रिसेप्शन आणि टीव्ही असे रकाने होते, रात्रीच्या सिस्टरला रकाना नव्हता. मावशी वॉकर धरून उभी, मी विचारत होतो, ती सांगत होती. जेवणाला पाच दे म्हणाली, रिसेप्शनला पाच, आणि टीव्हीला दोनच, कारण साडेसातची मालिका लागायची ते चॅनल त्यांच्याकडे नव्हतं.