आयडी बंद झाली, जाब कुणाला विचारायचा?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, २९ जुने कायदे त्यात सामावले. यातली सामाजिक सुरक्षा संहिता मला फार मोलाची वाटते. अ‍ॅपवर राबणाऱ्या पोरांची, म्हणजे ‘गिग’ कामगारांची, केंद्राच्या कायद्याने पहिल्यांदाच दखल घेतली. कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सुरक्षेसाठी द्यायची आहे. याचं स्वागतच.

पण त्याच संहितेत गिग कामगाराची व्याख्या काय, तर पारंपरिक मालक-नोकर नात्याच्या बाहेर काम करणारा. म्हणजे किमान वेतन नाही, पगारी रजा नाही, काढून टाकलं तर कामगार म्हणून दाद मागता येत नाही. आमच्या गल्लीतला एक मुलगा डिलिव्हरी करतो. गाडी हप्त्यावर, पेट्रोल स्वतःचं. कुणा ग्राहकाने ‘ऑर्डर मिळालीच नाही’ अशी तक्रार केली आणि सकाळी अ‍ॅप उघडलं तर आयडी बंद, म्हणजे कामच बंद! चॅटवर तीच ती छापील उत्तरं. पार्सल त्याने सोसायटीच्या गेटवर वॉचमनच्या हातात दिलं होतं, पण ऐकून घ्यायला माणूसच नाही.

‘यांचा एक मालक नाही, मग कायदा लावणार कसा?’ हा युक्तिवाद महाराष्ट्रात तरी कुणी करू नये. मशीद बंदरात गोणी वाहणाऱ्या हमालाचा तरी कुठे एक मालक होता? सकाळी हा व्यापारी, दुपारी तो. अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना संघटित करून लढा दिला आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. हमालाची नोंदणी, व्यापाऱ्याचीही नोंदणी, मजुरी माथाडी बोर्डात जमा आणि वर लेव्ही, म्हणजे व्यापाऱ्याने मजुरीवर भरायची जादा रक्कम. त्यातून प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. पुढे माथाडीच्या नावाखाली खंडणी उकळणारेही निपजले, हे खरं आहे. त्यांना जरूर आत टाका. पण म्हणून मूळ व्यवस्था चुकीची ठरत नाही.

ज्या राज्याने हे करून दाखवलं, त्याच्या आधी गिग कामगारांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये आणि कर्नाटकने २०२५ मध्ये कायदा केला, याचं मला वाईट वाटतं. कर्नाटकात कामगाराचं काम बंद करायचं तर कंपनीला लेखी कारण आणि १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते. आपल्याकडे निदान एवढं तरी आधी करा. तेवढे दिवस हातात असते, तर त्या मुलाने गेटवरचं सीसीटीव्ही फुटेज मिळवून दाखवलं असतं.