तापमानाच्या नोंदींवर शंका घेणाऱ्यांशी कसं बोलावं? बर्कलीचं काम बघा

हवामानबदलावर वाद पेटला की "९७ टक्के शास्त्रज्ञ म्हणतात, माणसामुळेच तापमान वाढतंय" हे वाक्य हमखास येतं. माझ्या मते त्यानं कुणाचीही शंका फिटत नाही, कारण शंका घेणाऱ्याला शास्त्रज्ञांची डोकी मोजायचीच नसतात. थर्मामीटर कुठे बसवला होता, जुने आकडे मागाहून का बदलले, हे त्याला विचारायचं असतं. हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं मोजमापानंच द्यावी लागतात.

ते काम कसं करावं याचा माझ्या पाहण्यातला सर्वांत चांगला नमुना म्हणजे 'बर्कली अर्थ'. कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड म्युलर आणि त्यांची मुलगी एलिझाबेथ यांनी २०१० मध्ये तापमानाच्या नोंदी नव्यानं तपासायला ही संस्था सुरू केली. म्युलर स्वतः तेव्हा शंका घेणाऱ्यांपैकीच होते. देणगीदारांत तेल उद्योगाशी जोडलेलं चार्ल्स कोक यांचं प्रतिष्ठानही होतं, त्यांचे दीड लाख डॉलर. म्हणजे "पैसा कुणाचा?" हा नेहमीचा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारता येत होता. त्यांनी देणगीदारांची नावं, मूळ नोंदी आणि संगणकाचा कोड, सगळंच उघड ठेवलं.

पहिला आक्षेप होता की जगाच्या तापमानाचा हिशेब आधीपासून ठेवणाऱ्या जुन्या संस्था सोयीची तापमान-केंद्रं निवडतात. त्या साधारण ७,००० केंद्रं वापरत. बर्कलीनं सुमारे ३९,००० घेतली. दुसरा आक्षेप दुरुस्त्यांचा. केंद्र गावातून विमानतळावर हललं की आकडे एकदम खाली-वर होतात. जुनी पद्धत म्हणजे दोन तुकडे सरकवून जुळवायचे. बर्कलीनं तिथे नोंद सरळ कापली आणि दोन्ही तुकडे दोन वेगळी केंद्रं म्हणून हिशेबात धरले. किती सरकवायचं हे ठरवायला कुणी बसलंच नाही, त्यामुळे हातचलाखीचा संशयही उरला नाही.

मग शहरांची उष्णता. शहर तापतं यात वादच नाही. पण १९५० मध्ये आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा २ अंशांनी गरम असलेलं शहर आजही २ अंशांनीच गरम असेल, तर वाढीच्या रेषेत त्याची भर शून्य. उपग्रहाच्या नकाशावरून वस्तीपासून लांबची सुमारे १६,००० केंद्रं वेगळी काढून तपासलं, तर सगळ्या केंद्रांच्या तुलनेत वाढीतला फरक शून्याच्या आसपासच निघाला.

सगळ्यात जास्त गैरसमज होतो तो नोंद घेण्याच्या वेळेवरून. अमेरिकेत हजारो स्वयंसेवक कमाल-किमान थर्मामीटर दिवसातून एकदाच वाचतात. मागच्या नोंदीनंतर पारा सर्वांत वर आणि सर्वांत खाली कुठे गेला हे त्यातल्या खुणा दाखवतात. वाचून झालं की या खुणा लगेच पुन्हा शून्यावर नव्हे, तर त्या क्षणीच्या तापमानावर आणून ठेवतात. समजा सोमवारी संध्याकाळी ५ वाजता पारा ३७ आहे. नोंद घेतली, खूण ३७ वर आणली. मंगळवारी ढग आले, दिवसभरात पारा ३१ च्या वर गेलाच नाही. तरी मंगळवारी ५ वाजता खूण ३७ च दाखवणार! सोमवारचं ऊन दोन दिवसांच्या खात्यावर पडलं. सकाळी ७ ला वाचलं तर उलट होतं, गार पहाट दोनदा मोजली जाते. विसाव्या शतकात तिथले बरेच स्वयंसेवक संध्याकाळवरून सकाळवर आले आणि नोंदीत खोटा गारवा शिरला. तो काढला की वाढ जास्त दिसते, आणि "आकडे फुगवले" अशी ओरड होते.

यात कुणावर विश्वास ठेवायची गरजच नाही. कुठल्याही विमानतळाचे वर्षभराचे दर तासाचे आकडे घ्या. एकदा संध्याकाळी ५ ते ५ असे २४ तास धरून रोजचं कमाल-किमान काढा, एकदा सकाळी ७ ते ७ धरून. दोन्हींची वार्षिक सरासरी काढा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल.

समुद्राची दुरुस्ती मात्र उलट्या दिशेची आहे. पूर्वी जहाजावरून कॅनव्हासच्या बादलीनं पाणी उपसत आणि तापमान घेईपर्यंत ते बाष्पीभवनानं गार होई. म्हणून जुने आकडे वर न्यावे लागतात. पृथ्वीचा बहुतांश भाग समुद्रच असल्यानं सगळ्या दुरुस्त्या धरल्यावर एकूण तापमानवाढ कच्च्या आकड्यांपेक्षा कमी भरते, जास्त नाही. शंका घेणाऱ्याशी बोलताना मी तरी हे सर्वांत आधी सांगेन.

बर्कलीचा निकाल २०११ मध्ये आला: १९५० च्या दशकापासून जमिनीवर सुमारे ०.९ अंश वाढ, जुन्या संस्थांशी जुळणारी. जुलै २०१२ मध्ये म्युलर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की वाढ खरी आहे आणि कारण जवळजवळ पूर्णपणे माणूस आहे. सगळे वळले का? नाही. हवामानबदलावर शंका घेणारे अमेरिकी ब्लॉगलेखक अँथनी वॉट्स यांनी निकाल काहीही आला तरी मान्य करीन असं आधी सांगितलं होतं, नंतर पद्धतीवर हरकत घेतली. त्यातली एक हरकत मला पटते. तज्ज्ञांकडून तपासणी होण्याआधीच निष्कर्षांचा गाजावाजा झाला, तो टाळायला हवा होता. पण वॉट्स स्वतः सहलेखक असलेल्या २०११ च्या शोधनिबंधातही वाईट जागी बसवलेल्या केंद्रांचा किमान तापमानाचा कल जास्त, कमालचा कमी आणि सरासरीचा जवळपास तोच निघाला होता.

आपल्याकडेही हा विषय लांबचा नाही. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदले गेले, पाठोपाठ नागपुरात ५६ ची बातमी आली. मुंगेशपूरला हवामान विभागानं प्रमाणित उपकरण लावून ताडून पाहिलं, तेव्हा सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता, आणि ते जाहीरही केलं. हे उत्तम झालं. आता प्रत्येक केंद्राच्या आकड्यांशेजारीच त्याची कुंडली मिळावी: केंद्र कधी हललं, सेन्सर कधी बदलला, शेवटचं कधी ताडून पाहिलं, दहा मीटरच्या आत डांबर, पत्रा किंवा एसीचं तोंड आहे का, आणि चारही दिशांचे तारखेसह फोटो.