‘नाक्यावर थांबला नाहीत तर गोळी’? खुलासा

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक व्हिडिओ फिरतोय. खाली मजकूर: ‘अमेरिकेत आरशाला एअर फ्रेशनर टांगला म्हणून तरुणाला गोळी घातली, पोलीसबाई निर्दोष सुटल्या. आता आपल्याकडेही नवीन कायद्यात नाक्यावर न थांबल्यास गोळी.’

घटना खरी आहे: 11 एप्रिल 2021, मिनेसोटातलं ब्रुकलिन सेंटर. गाडी अडवली ती नोंदणीचा स्टिकर मुदतबाह्य म्हणून आणि हो, त्या एअर फ्रेशनरमुळेही. (आपण लिंबू-मिरची टांगतो!) मग तरुणाच्या नावावर आधीचं वॉरंट असल्याचं कळलं, अटकेत झटापट झाली. बाई ‘टेझर, टेझर’ (विजेचा झटका देणारं साधन) ओरडल्या, पण हातात होतं पिस्तूल. टेझर डाव्या कमरेला, पिस्तूल उजव्या. 26 वर्षं नोकरी झालेली! पण निर्दोष? साफ खोटं. डिसेंबर 2021मध्ये ज्यूरीने सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं, शिक्षा 2 वर्षं. ती कमी की पुरेशी, यावर तिकडे वाद झाला.

आणि आपला ‘नवीन कायदा’? 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (अटक, तपास, खटला कसा चालवायचा हे सांगणारा कायदा) कलम 43 उलटच सांगतं. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसेल, तर अटक करताना जीव घेण्याचा हक्क पोलिसांना मिळत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही हेच होतं, कलम 46. अंगावर गाडी घातलीत तर गोष्ट वेगळी. स्वसंरक्षण पोलिसालाही आहे. नुसता इशारा न मानल्यास मोटार वाहन कायद्यात 2,000 रुपयांपर्यंत दंड.

मेसेज टाकणाऱ्या काकांनी तो काढलाय. माजिवड्याच्या ग्रुपवर मात्र अजून आहे.