प्रशासक कोणी नेमला?

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, सोसायटी कार्यालयातील संगणकावर कोणीही परस्पर काळ्या रंगाची खिडकी उघडू नये. उघडल्यास होणाऱ्या परिणामांस संबंधित सभासद वैयक्तिकरीत्या जबाबदार राहील. आदेशावरून."

हा मेसेज परवा रात्री सोसायटीच्या ग्रुपवर पडला. माझं नाव त्यात नाही, पण कुणाला उद्देशून आहे हे लिफ्टलासुद्धा माहीत आहे. खाली धडाधड अंगठे उठले. कुठली खिडकी, कसली काळी, याचा ज्यांना पत्ता नाही त्यांनीही अनुमोदन दिलं. एकाने विचारलं, हा नियम फ्लॅटच्या खिडक्यांनाही लागू आहे का, कारण त्याने नुकतीच काळी फिल्म लावून घेतली आहे. त्याला सचिवांनी "कार्यालयात येऊन भेटावे" असं उत्तर दिलंय.

झालं होतं एवढंच. वार्षिक सभा सप्टेंबर संपायच्या आत घ्यायची असते आणि नोटीस चौदा दिवस आधी सभासदांच्या हातात पडावी लागते. आणि नेमका प्रिंटर रुसलेला. कागद अडकलेला नाही, शाई आहे, दिवा हिरवा, पण छापत काही नाही. मी मेंटेनन्सचा चेक द्यायला गेलो होतो. सचिव प्रिंटरच्या पाठीवर थापा मारत होते. मी म्हणालो, "बघू का जरा?"

यात विशेष काही नव्हतं. आपण प्रिंट दिली की ती आधी कॉम्प्युटरच्या पोटात रांगेत उभी राहते. रांगेतलं पहिलं काम अडकलं की मागचं सगळं तुंबतं. त्यावर 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि ते डिलीटिंग दिवाळीपर्यंत चालू राहतं. प्रिंटर बंद-चालू करून उपयोग नसतो, कारण घाण प्रिंटरमध्ये नसतेच. ती विंडोजच्या सिस्टिम32, त्यातल्या स्पूल, त्यातल्या प्रिंटर्स नावाच्या फोल्डरात साठलेली असते. रांग सांभाळणारी सेवा थांबवायची, फोल्डर रिकामं करायचं, सेवा परत सुरू करायची. काळ्या खिडकीत, म्हणजे माउसऐवजी कमांड लिहून कॉम्प्युटरला काम सांगायच्या जागेत, तीन ओळी. नेट स्टॉप स्पूलर, मग डिलीट, मग नेट स्टार्ट स्पूलर. चहा गाळायच्या आत होतं.

पण त्या खोलीत खजिनदार काका बसले होते.

काका सरकारी ऑडिट खात्यातून निवृत्त झाले. खातं काकांमधून अजून निवृत्त झालेलं नाही. ते व्हाउचरं तपासत होते. स्क्रीन काळा झालेला दिसताच त्यांनी चष्मा वर केला, खुर्ची सरकवली, खिशातून डायरी काढली आणि माझ्या खांद्यामागे येऊन उभे राहिले. काका माणसांना फ्लॅट नंबराने ओळखतात.

"402, हे काय उघडलंत?"

"कमांड प्रॉम्प्ट, काका. प्रिंटरसाठी."

"प्रिंटर तिकडे आहे."

मी पहिली ओळ टाइप केली. एंटर. आणि उत्तर आलं, सिस्टिम एरर 5, ॲक्सेस इज डिनाइड. ते यायचंच, साध्या खिडकीतून सेवा थांबवता येत नाहीत. पण काकांनी ते मोठ्याने वाचलं. पोर्चमधल्या वॉचमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"ॲक्सेस डिनाइड. म्हणजे तुम्हाला परवानगी नाही. मी म्हणत नाही हो, मशीन म्हणतंय."

"काका, त्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडावं लागतं." मी खिडकी बंद केली, राइट क्लिक केलं, 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'वर बाण नेला.

"थांबा." काकांचं पेन हवेत. "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणजे प्रशासक?"

"हो, म्हणजे तसंच काहीतरी..."

"प्रशासक नेमायचा अधिकार उपनिबंधकांना आहे. तोही कमिटी बरखास्त झाल्यावर. कमिटी बरखास्त झालेली आहे का?" हा प्रश्न त्यांनी सचिवांना विचारला. सचिवांचा चेहरा एकदम पडला. आपल्याला न कळवता झाली की काय, असं त्यांना क्षणभर खरंच वाटलं असावं.

"नाही ना? मग 402 कोणत्या ठरावानुसार प्रशासक होतायत?"

मी क्लिक केलं. विंडोजनेही विचारलं, बदल करू देऊ का? हो किंवा नाही. काका म्हणाले, "बघा, त्यालासुद्धा शंका आहे." मी 'हो' दाबलं. काकांनी डायरीत वेळ टिपली.

सेवा थांबली. 'स्टॉप्ड सक्सेसफुली' असं आलं. एखादी सेवा बंद पाडून वर ती यशस्वीरीत्या बंद पडली म्हणणं काकांच्या प्रशासकीय जाणिवांना झोंबलं, पण ते पुढे सरकले, कारण मी त्या फोल्डरात काय काय तुंबलंय हे बघायला 'डिर' लिहिलं आणि यादी आली. ऑडिटरसमोर यादी कधी आणू नये.

"व्हॉल्यूम इन ड्राइव्ह सी हॅज नो लेबल." काकांनी वाचलं. "लेबल का नाही? डेडस्टॉक रजिस्टरला नोंद कशाची केलीत मग?"

सचिव म्हणाले, मशीन मागच्या कमिटीच्या काळातलं आहे.

"आणि हे एक टिंब? त्याखाली दोन टिंबं? बाकी सगळ्यांपुढे आकार लिहिलाय, यांच्यापुढे रक्कम कोरी. ही कोणाची?"

आता एक टिंब म्हणजे आपण आहोत तेच फोल्डर आणि दोन टिंबं म्हणजे त्याच्या वरचं. 'सीडी' लिहून पुढे दोन टिंबं दिली की माणूस एक पायरी वर जातो. मी हे सांगितलं. मला शिकवायची हौस आहे आणि समोरच्याला शिकायची नसली तरी ती फिटत नाही. काका शांतपणे म्हणाले, "म्हणजे यादीत यादीचंच नाव आहे. डबल एंट्री."

मग ते स्क्रीनच्या अगदी जवळ आले. "सीपासून सुरू होतंय. ए आणि बी कुठे आहेत?"

"ते फ्लॉपीचे होते, काका. पूर्वी दोन फ्लॉपी असायच्या, त्यांना ए आणि बी. हार्ड डिस्क नंतर आली, तिला सी. फ्लॉपी गेल्या, अक्षरं तशीच मोकळी राहिली."

"गेल्या म्हणजे? भंगारात काढल्या? त्याचे पैसे जमा दिसत नाहीत."

मी गप्प बसून फाइली उडवल्या, नेट स्टार्ट स्पूलर मारलं. प्रिंटर खाकरला आणि सचिवांनी नोटिशीची प्रिंट दिली तशी गरम गरम नोटीस बाहेर आली. सचिवांनी प्रिंटरला नमस्कार केला. प्रिंटरला! मी शेजारीच बसलो होतो.

इथे उठलो असतो तर विषय संपत होता. पण सचिवांनी पेनड्राइव्ह पुढे केला. बाहेर झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेला, आणि त्यातलं सभासदांच्या यादीपासून अहवालापर्यंत सगळं गायब. नुसते शॉर्टकट उरलेले. हा रोग आपल्याकडे ज्याने कधी झेरॉक्सवाल्याकडे पेनड्राइव्ह लावलाय त्या प्रत्येकाला होऊन गेलेला आहे. व्हायरस खऱ्या फोल्डरांवर 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन्ही शिक्के मारतो आणि त्यांच्या नावाचे तोतये बाहेर उभे करतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'हिडन'ची खूण काढावी तर ती करडी, हलतच नाही. काळ्या खिडकीत मात्र एक ओळ पुरते. ॲट्रिब, वजा एच, वजा आर, वजा एस, मग पेनड्राइव्हचं अक्षर, अपूर्णविराम, उलटी तिरपी रेघ, तारा, टिंब, तारा, शेवटी स्लॅश एस, स्लॅश डी. त्या तोतयांवर मात्र डबल क्लिक करायचं नाही, ते पुसायचे आणि मग अँटिव्हायरस फिरवायचा.

"तीन वेळा वजा केलंत," काका म्हणाले. "अधिक एकदाही नाही."

फोल्डरं परत आली. मागच्या वर्षीच्या गणपतीचे फोटोसुद्धा. सचिवांचे डोळे पाणावले. काकांनी डायरीत लिहिलं, "सभासदांची खाजगी माहिती लपविलेल्या जागेतून बाहेर काढली." वाक्यात एकही शब्द खोटा नाही. ऑडिटवाल्यांचं हे असंच असतं.

आता मला खरंच राग कशाचा येतो, ते सांगतो. याच मशीनवर गेल्या वर्षी कुणीतरी 'कॉम्प्युटर फास्ट करा' म्हणणारं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकलं. नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश. कुणी डायरी काढली नाही. ते अजून दर दहा मिनिटांनी लाल पाटी दाखवून पैसे मागतं आणि सगळे ती अदबीने बंद करतात. फोनवर कुणी अनोळखी माणूस "सर, मी बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका" म्हणाला की आपली शिकलीसवरलेली माणसं अख्खा स्क्रीन त्याच्या ताब्यात देतात. हार्डवेअरवाला पोरगा येतो, सर्दी असो की कर्करोग, "फॉरमॅट मारावा लागेल" म्हणतो, पैसे घेतो, लेकीच्या बारशाचे फोटो पुसून जातो, आणि त्याला वर सरबत. रंगीत बटण दाबणारा साहेब आणि कीबोर्डवर दोन शब्द लिहिणारा हॅकर. सिनेमावाल्यांनी काळ्यावर हिरवी अक्षरं पळवून पळवून हे डोक्यात भरलंय. ती हिरवी अक्षरं 'कलर', मोकळी जागा, शून्य, ए एवढं लिहिलं की कुणालाही मिळतात. ती फुकट आहेत. शाळेतली पोरं करतात.

बरं, मी निघालोच होतो. दारात काका म्हणाले, "एवढं येतं, तर कॉन नावाचं फोल्डर करून दाखवा."

हा फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. व्हॉट्सॲपच्या आधीपासून, ई-मेलच्या काळापासून फिरतोय. एका भारतीयाने शोधून काढलं की कॉम्प्युटरवर सीओएन नावाचं फोल्डर बनतच नाही, मायक्रोसॉफ्टची अख्खी टीम चक्रावली, वगैरे. चक्रावली कुणी नाही. डॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीत, कॉन हे कन्सोलचं, म्हणजे कीबोर्ड आणि पडद्याचं राखीव नाव आहे. 'कॉपी कॉन' लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की थेट कीबोर्डवरून फाइल लिहिता यायची. 1981च्या पहिल्या डॉसमध्ये फोल्डर हा प्रकारच नव्हता, तो 1983 साली दुसऱ्या आवृत्तीत आला. त्यामुळे ही नावं कुठूनही चालायला हवीत असं ठरून गेलेलं. पीआरएन, एयूएक्स, एनयूएल ही त्याचीच भावंडं. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून विंडोजने ती पुढेही राखून ठेवली.

हे सगळं मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जमत नाही."

मग काय करणार? नावाआधी दोन उलट्या तिरप्या रेघा, टिंब आणि परत एक उलटी तिरपी रेघ दिली की विंडोज ते राखीव नाव तपासतच नाही. डी ड्राइव्हवर, टॅलीच्या शेजारी, कॉन हजर. काका बराच वेळ बघत राहिले. बिल गेट्सला जे जमलं नाही ते आमच्या कार्यालयात झालं होतं. निदान एक 'वा' येईल अशी माझी अपेक्षा.

"आता काढून टाका," काका म्हणाले. "नाही, तुम्ही नको. मी काढतो." आणि त्यांनी माझ्या हातातला माउस घेतला.

ते माउसने निघत नाही. काकांनी डिलीट केलं, विंडोज म्हणालं असं काही इथे नाहीच. पण ते तर समोर दिसतंय. नाव बदलून पाहिलं, रिसायकल बिनमध्ये ओढून पाहिलं. अस्तित्वात असून नाकारली जाणारी गोष्ट. काकांच्या ऑडिटमधल्या अख्ख्या नोकरीत असली नोंद त्यांना सापडली नसावी. "एक ओळ लागेल, काका," मी म्हणालो, "पण ती काळ्या खिडकीत." त्यांनी कॉम्प्युटरची वायर भिंतीतून उपटली. रात्री मेसेज पडला.

तेव्हापासून वॉचमन मला त्याचा लॉक झालेला मोबाइल उघडून मागतोय. दुसऱ्या मजल्यावरचे काका वायफायचा विसरलेला पासवर्ड काढता येतो का, हे जिन्यात गाठून, आवाज खाली आणून विचारून गेले. येतो. आपल्याच मशीनवर, आपल्याच वायफायचा. नेटश म्हणून कमांड आहे. मी सांगितली नाही. ग्रुपवर त्यांचाही अंगठा होता.

हार्डवेअरवाला काल येऊन गेला. त्याच्या मते फॉरमॅट मारावा लागेल. खर्चाला मंजुरी हवी म्हणून सभेत 'ऐन वेळी येणारे विषय' यामध्ये तो घेतलाय. त्या आधी आमच्या सोसायटीतलं कुणी हे वाचत असेल तर लिहून घ्या. खिडकी काळीच, प्रशासक म्हणून उघडलेली. आरडी, मोकळी जागा, उलट्या तिरप्या रेघा दोन, टिंब, उलटी तिरपी रेघ एक, डी, अपूर्णविराम, पुन्हा उलटी तिरपी रेघ, कॉन. सगळं इंग्रजीत. एंटर. काका दुपारी जेवायला घरी जातात तेव्हा कार्यालयाची किल्ली वॉचमनकडे असते, आणि त्याला सध्या फक्त तो मोबाइल उघडून हवा आहे.